आवाज कुणाचा, झोप कुणाची?

(एस. वाय. बी. ए.)

स्नेहसंमेलनात किंवा एकांकिका स्पर्धेच्या वेळी ‘आवाज कुणाचा?’ अशी आरोळी उठली की आपण सगळेच घसा ताणून आपल्या महाविद्यालयाचे नाव घेतो. त्या आरोळीत मजा आहे, कारण ओरडणारे आणि ऐकणारे दोघेही तिथे आपणहून आलेले असतात. हाच प्रश्न आता रात्री अकरा-साडेअकराला रस्त्यावरून जाणाऱ्या काही मोटारी विचारू लागल्या आहेत. तिथे ऐकणारा मात्र आपणहून आलेला नसतो. तो अंथरुणावर पडलेला असतो. या फरकाविषयी मला चार शब्द लिहायचे आहेत.

कला शाखेच्या मुलीने इंजिनाच्या भानगडीत का पडावे, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. माझा मोठा भाऊ सायलेन्सरची कामे करणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये वेल्डर आहे. दहावीनंतर त्याने शाळा सोडली, कारण दोघांच्या शिक्षणाचा खर्च घरात झेपणारा नव्हता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि माझ्या फीच्या पैशांत दादाच्या वेल्डिंगचा वाटा आहे. मॅनिफोल्ड, फ्लँज, डाऊनपाइप हे शब्द मी पुस्तकात वाचले नाहीत, जेवताना ऐकले. गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्यात एक नवा शब्द आला, ‘ओपन वेस्टगेट’. शहरातली पैसेवाली मुले आपल्या टर्बो मोटारी घेऊन येतात आणि हे काम करून मागतात. हे काम म्हणजे काय, ते आधी सांगते. ते समजल्याशिवाय त्यावर मत देण्यात अर्थ नाही.

इंजिनातून जळून बाहेर पडणारा वायू अतिशय तापलेला आणि वेगवान असतो. पेट्रोल इंजिनात त्याचे तापमान ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. साध्या गाडीत ही सारी शक्ती सायलेन्सरमधून हवेत फुकट जाते. तिच्यावर एखादे चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात जास्त हवा दाबून भरावी, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. ओढ्यावरची पाणचक्की डोळ्यांसमोर आणा, म्हणजे टर्बो समजतो. पाण्याच्या जागी धुराचा झोत आणि जात्याच्या जागी हवा दाबणारा पंखा. ही चक्की मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त जळते, आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. महामार्गावर चढाला लागलेल्या ट्रकची शिटी आपण सर्वांनी ऐकली आहे. ती याच चक्कीची.

पण पाणचक्कीला पूर आला तर? धुराचा झोत वाढला की चक्र जास्त फिरते, त्यामुळे इंजिनात जास्त हवा जाते, त्यामुळे झोत आणखी वाढतो. हे असेच चालू राहिले तर इंजिन फुटायला वेळ लागणार नाही. म्हणून चक्राच्या अलीकडे एक झडप ठेवतात. हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती उघडते आणि जादा वायू चक्राला वळसा घालून पुढे जातो. हेच ते वेस्टगेट. आम्हा कोल्हापूरकरांना ते वेगळे समजावून सांगायला नको. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आपल्याला ठाऊक आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट पाहत नाहीत. वेस्टगेट म्हणजे इंजिनाची राधानगरी.

आता मुद्द्याची गोष्ट. धरणाच्या दरवाज्यातून सुटलेले पाणी भोगावती नदीच्या पात्रात जाते. नेहमीच्या मोटारीतही वेस्टगेटमधून सुटलेला वायू पुढे मुख्य नळीला येऊन मिळतो, तिथून तो धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून आणि सायलेन्सरमधून जातो, मग बाहेर पडतो. ‘ओपन वेस्टगेट’ करणारे ही वाट तोडतात. वेस्टगेटला एक आखूड स्वतंत्र नळी जोडतात आणि तिचे तोंड बॉनेटखाली किंवा चाकामागे उघडे सोडून देतात. झडप उघडली की तापलेला वायू सायलेन्सरला चुकवून थेट बाहेर येतो आणि पत्रा फाटावा तशी किंकाळी उठते. परदेशात या नळीला ‘स्क्रीमर पाइप’, म्हणजे किंचाळणारी नळी असेच नाव आहे. पात्र सोडलेले पाणी काय करते, हे आपण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पाहिले आहे. पात्र सोडलेल्या वायूचा विचार आपण अजून केलेला नाही.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ही नळी वेडेपणातून जन्मलेली नाही. वळसा घेऊन आलेला वायू चक्रातून निघालेल्या वायूत आडवा घुसला की तिथे खळबळ होते आणि मुख्य नळीतला उलट दाब वाढतो. त्याला वेगळी वाट दिली तर चक्र मोकळेपणाने फिरते. शर्यतीच्या गाडीला हा फायदा महत्त्वाचा असतो, कारण तिथे इंजिन बराच वेळ पूर्ण ताकदीने चालते आणि सेकंदाच्या अंशावर निकाल लागतो. १९७७ साली सिल्व्हरस्टोनच्या ब्रिटिश ग्राँप्रीत रेनो कंपनीने फॉर्म्युला वन शर्यतीत पहिली टर्बो गाडी उतरवली, तेव्हा तिच्या सततच्या धुरामुळे लोकांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हसण्यावारी नेले. पुढे दहा वर्षांत टर्बो इंजिनांनी सारी शर्यतच ताब्यात घेतली. १९८९ पासून त्यांच्यावर बंदी आली आणि २०१४ मध्ये ती नियमानेच परत आली.

यानंतरची हकीगत फार बोधप्रद आहे. २०१४ च्या नव्या टर्बो गाड्या जुन्यांपेक्षा शांत होत्या. शर्यतीला जाणाऱ्या प्रेक्षकांनी तक्रार केली की, आवाजात पूर्वीची गंमत उरली नाही. तेव्हा २०१६ च्या मोसमासाठी नियम झाला की प्रत्येक गाडीच्या वेस्टगेटला स्वतंत्र नळी असलीच पाहिजे. हेतू एकच, आवाज वाढावा. म्हणजे जगातल्या सर्वांत प्रगत शर्यतीतही ही वेगळी नळी शेवटी आवाजासाठी मागितली गेली! आणि त्यात गैर काहीच नाही. तिथला श्रोता तिकीट काढून आलेला आहे. त्याला नको असेल तर तो घरी बसू शकतो. आपल्या गल्लीतला म्हातारा घरीच बसलेला असतो. त्याने कुठे जावे?

रस्त्यावर या नळीने शक्ती वाढते, हा दावा मला पटत नाही. झडप उघडते ती दाब मर्यादेला पोचल्यावर. शहरात दोन सिग्नलांच्या मधल्या अंतरात असे क्षण येतात किती आणि टिकतात किती? शिवाय वळशाची नळी थोडी लांब ठेवून, सायलेन्सरच्या अलीकडे तिरकी नेऊन मुख्य नळीला जोडली, तर खळबळ टळते आणि फायद्याचा मोठा भाग तसाच मिळतो. मग उघड्या नळीचे खास म्हणून काय उरते? आवाज. ज्याला आवाजच हवा आहे, त्याने शक्तीचे कारण पुढे करू नये, एवढीच माझी विनंती आहे.

धुराचा प्रश्न आवाजापेक्षाही वाईट आहे, कारण तो ऐकू येत नाही. आपल्या देशात एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे कडक निकष आले. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांना आवर घालण्यासाठी एवढा खटाटोप झाला. उघड्या नळीतून जाणारा वायू या सर्वाला वळसा घालतो. पूर्ण जोराने गाडी पळवताना इंधनही बहुधा जास्त सोडलेले असते, म्हणजे धूर सर्वांत घाण असतो तेव्हाच ही वाट उघडते. नळीचे तोंड बॉनेटखाली असेल तर तो तापलेला वायू वायरींवर आणि रबरी नळ्यांवर येतो, आणि कार्बन मोनॉक्साइड गाडीत बसलेल्यांपर्यंतही पोचू शकतो.

गंमत अशी की, ही गाडी पी. यू. सी. तपासणीत सहज पास होते. तपासणी उभ्या गाडीवर होते. भार नसल्यामुळे टर्बोचा दाब चढत नाही, दाब नसल्यामुळे झडप उघडत नाही, आणि सारा धूर शहाण्यासारखा मुख्य नळीतून जातो. नाकाबंदीतही तसेच. बुलेटचा फटाका सायलेन्सर दुरूनही ओळखू येतो. पोलीस तो काढून घेतात आणि अशा सायलेन्सरांच्या ढिगावर रोड रोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येतात. त्या कारवाईला माझा विरोध नाही. परंतु खेड्यातून आलेल्या मुलाची बुलेट सापडते आणि पंधरा-वीस लाखांची मोटार त्याच नाक्यावरून मंद गतीने, सभ्यपणे निघून जाते, याला काय म्हणावे? कायदा दोघांना एकच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला, धुराच्या वायूचा आवाज होईल तितका कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. आवाजाचे आणि हवेच्या प्रदूषणाचे निकष मोडल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा कमी पडलेला नाही, तो पोचत नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येते, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल. हे आकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेसिबलची पट्टी साध्या फूटपट्टीसारखी नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट. ‘थोडासाच जास्त आवाज आहे’ असे म्हणणाऱ्याने हा हिशेब करून पाहावा.

आणि हा आवाज पडतो कुणाच्या कानावर? ज्यांचे घर रस्त्यापासून आत आहे, मध्ये बाग आहे, खिडकीला जाड काच आहे, त्यांच्यापर्यंत तो अर्धामुर्धाच पोचतो. रस्त्याला लागून ज्यांचे पत्र्याचे छप्पर आहे, त्यांना तो पुरा मिळतो. पहाटे चारला झाडू घेऊन निघणारी बाई, तिन्ही पाळ्यांत राबणारा कामगार, दुसऱ्या दिवशी पेपर असलेली आणि चाळीच्या जिन्यात बसून वाचणारी मुलगी, हे त्याचे श्रोते. ज्याच्याजवळ सर्वांत कमी झोप आहे, त्याच्याकडूनच ती हिसकावून घेतली जाते. आपल्याकडे म्हणतात, हौसेला मोल नसते. मला वाटते, मोल असते. फक्त ते दुसऱ्याला मोजावे लागते.

यावर एक उत्तर हमखास मिळते. ‘मिरवणुकीतली डॉल्बी चालते, लग्नाची वरात चालते, सगळ्या धर्मांचे भोंगे चालतात, मग आमचीच गाडी का खुपते?’ या प्रश्नात तथ्य आहे, हे मी नाकारणार नाही. डॉल्बीच्या भिंतीपुढे छातीत धडकी भरलेली माणसे मीही पाहिली आहेत. पण एका शेजाऱ्याने दारात कचरा टाकला म्हणून दुसऱ्याला तो टाकण्याचा परवाना मिळतो काय? सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेने जगणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याचा हक्क मिळत नाही, असे त्याचे तात्पर्य आहे. ते डॉल्बीला लागू आहे, भोंग्याला लागू आहे आणि किंचाळणाऱ्या नळीलाही लागू आहे.

तरीही नुसते कायद्याचे कलम दाखवून हा विषय संपत नाही. या वयात आवाज का हवासा वाटतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. आपण इथे आहोत हे जगाला कळावे, चौकातून जाताना चार माना वळाव्यात, ही इच्छा मला परकी नाही. माझ्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी मोठ्याने बोलले नाही. सावकारापुढे नाही, साहेबापुढे नाही, रेशनच्या दुकानातसुद्धा नाही. वक्तृत्व स्पर्धेत मी पहिल्यांदा ध्वनिक्षेपकापुढे उभी राहिले, तेव्हा स्वतःचा मोठा झालेला आवाज ऐकून मला जो आनंद झाला, तो मी विसरणार नाही. म्हणून आवाजाची भूक मला कळते. पण माणसाचा आवाज आणि इंजिनाचा आवाज यांत भेद आहे. माझ्या बोलण्याला कुणी उत्तर देऊ शकतो, मला खोडून काढू शकतो. नळीच्या किंकाळीला उत्तर नसते. ती फक्त सहन करायची असते. आणि गप्प बसून सहन करणे हे आमच्या वाडवडिलांनी पुरेसे केले आहे.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रश्न. ही कामे बंद झाली तर दादासारख्यांच्या पोटाचे काय? हा प्रश्न मी त्यालाच विचारला. तो हसला आणि म्हणाला, ‘‘अगं, उघडं सोडायला काय, कोण बी सोडतंय. नळी वळवून परत मेन पायपात जोडायची म्हणजे खरं काम हाय.’’ मला हे उत्तर फार मोलाचे वाटले. नळी नीट वाकवायची, दोन फ्लँज जादा बसवायचे, उष्णतेने नळी लांबते त्याला वाव ठेवायचा, आणि जोड कुठेही गळता कामा नये, याला कसब लागते आणि त्याची मजुरीही जास्त होते. म्हणजे शांत गाडीत कारागिराचे नुकसान नाही. उलट त्याच्या हाताला काम आहे.

नुकसान आहे ते निराळेच. दादा चोवीस वर्षांचा आहे, आणि हळू बोललेले त्याला पहिल्या खेपेला कळत नाही. आईला वाटते, त्याचे लक्ष नसते. दिवसभर ग्राइंडर, पत्रा ठोकणे, आणि काम झाल्यावर गिऱ्हाइकाला खूश करण्यासाठी बंद शेडमध्ये इंजिन रेस करून आवाज ऐकवणे, यांत त्याचे कान असतात. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेने ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास ही मर्यादा सुचवली आहे, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा असे सांगितले आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. अशा आवाजाने गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. गिऱ्हाईक आवाज घेऊन निघून जाते, कानातली शिटी मागे राहते.

मी काही गाड्यांच्या विरोधात नाही. उलट, ज्यांना यंत्राची आवड आहे त्यांच्याविषयी मला आदरच वाटतो. पुस्तकी विद्येइतकीच तीही विद्या आहे, हे मी घरात रोज पाहते. ज्यांना इंजिनाची खरी ताकद अजमावायची आहे, त्यांच्यासाठी चेन्नईजवळचे इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचे कारी, ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट असे शर्यतीचे मार्ग देशात आहेत. तिथे नळी उघडी ठेवा, टाळ्या वाजवायला मीही येईन. रस्त्यावर येताना मात्र ती नळी परत मुख्य नळीला जोडलेली असावी.

आपल्या हातात काय आहे? महाविद्यालयाच्या वाहनतळावर फटाका सायलेन्सरच्या किंवा उघड्या नळीच्या गाडीला जागा नाही, असा नियम प्राचार्यांनी करावा आणि तो विद्यार्थी प्रतिनिधींनी पाळून घ्यावा. तो बुलेटला लावताना मोटारीलाही लावावा, आणि प्राध्यापकांच्या मुलांनाही लावावा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो. एका वर्षी गॅरेजांतून फिरून तिथल्या कामगारांना कानात घालायचे बोळे वाटावेत आणि ते का वापरायचे हे समजावून सांगावे. ते थोड्या पैशांत मिळतात. आणि परिवहन खात्याने उभ्या गाडीची तपासणी पुरेशी मानू नये, बॉनेट उघडून नळी कुठे जाते ते पाहावे. दादासारखा एखादा वेल्डर सोबत घेतला, तर एका दृष्टिक्षेपात ते कळेल.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या नोकरीला लागतील, पहिली गाडी घेतील. तिचा आवाज कसा असावा, हे तेव्हा आपल्याला ठरवायचे आहे. ठरवताना रस्त्याकडेच्या पत्र्याच्या घरात झोपलेल्या माणसाला विचारता येणार नाही, हे खरे. पण आपल्यापैकी कित्येकजण त्याच घरातून इथवर आलो आहोत. त्याचे उत्तर काय असेल, ते आपल्याला न विचारताही माहीत आहे.